सरवा आणि सोयरीक

गरीब घरची मुलगी आणि धनिकाचा मुलगा, किंवा झोपडीतला होतकरू तरुण आणि वाड्यातली कन्या, यांच्या प्रेमाची कथा वाचकांना कधीच शिळी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, इंग्लंडमध्ये अशा कथांना बहर आला. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेली गल्ली, क्षयाने खंगलेली आई, अनाथ पोर, दारिद्र्याशी झुंजत तगून राहण्याची जिद्द आणि अखेरीस हात धरून दैन्यातून बाहेर काढणारे प्रेम, असा त्या कथांचा साधारण साचा असे. तो साचा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला आणि येथे चांगला रुजला. कादंबऱ्यांत, बोलपटांत आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांत तो निरनिराळ्या वेषांत वावरताना दिसतो. शेवटी लग्नाचे चौघडे वाजतात आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो.

सुटका नेमकी कुणाची झाली, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. नायिका वाड्यात गेली. ज्या गल्लीतून ती आली ती गल्ली तशीच राहिली. तिच्या शेजारणीच्या चुलीवर त्या रात्री काय शिजले, हे कथाकार सांगत नाही आणि आपणही त्याला विचारीत नाही. श्रीमंत आणि गरीब यांच्यामधली रेषा प्रेमाच्या बळावर एक जण ओलांडून गेला, पण रेषा जागच्या जागीच राहिली, तर त्या प्रेमाने काय साधले? प्रेमाने न्यायाचे काम होते का? होत नसेल, तर मग प्रेमाचे काम तरी कोणते? हे प्रश्न कादंबरीच्या वाचकाने विचारावेत त्याहून अधिक आपण आपल्या घरात आणि धर्मग्रामात विचारण्यासारखे आहेत.

घाटातली अनामिक माणसे

या विचारासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यात, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आहेत. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या पुष्कळशा गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. फलाटावर बटाटेवड्यांची घाई उडते. मग पळसदरी, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ठिकाणे मागे टाकीत, बोगद्यामागून बोगदा पार करीत गाडी खंडाळ्याला पोचते. पावसाळ्यात या वाटेवरचे धबधबे पाहण्यासाठी लहानथोर खिडकीशी गर्दी करतात. ज्या कड्यांवरून ते धबधबे कोसळतात त्या कड्यांतच व्हिक्टोरियन काळातली आपली स्वतःची कथा कोरलेली आहे.

भोर घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याच वर्षी रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग खुला झाला. मधला घाट उतारू पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढत. हा मधला तुकडा जोडणे हे त्या काळातले एक बिकट काम होते. सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि ८ मोठे कमानीपूल असा हा मार्ग ७ वर्षांनी पूर्ण झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्याचे उद्घाटन केले.

हे काम कुणाच्या हातांनी झाले? एका वेळी सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास मजूर घाटात राबत असत आणि १८६१ च्या जानेवारीत ही संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. घाटावरची आणि कोकणातली, दुष्काळाने किंवा कर्जाने गाव सोडलेली ही माणसे होती. कुटुंबेच्या कुटुंबे आली. पुरुष दोरांनी कड्यावरून खाली लोंबकळत खडकात सुरुंगासाठी भोके पाडीत. बायका आणि मुले टोपल्यांतून माती-दगड वाहत. पावसाळ्यात बहुतेक काम थांबे आणि मजूर पांगत. उघड्यावरच्या झोपड्या, दूषित पाणी आणि गर्दी यांमुळे पटकीची साथ आली की तळावर मृत्यूचे थैमान चाले. या घाटाने किती बळी घेतले याचे पुढील अभ्यासकांनी केलेले अंदाज चोवीस हजारांपर्यंत जातात. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

नावे राहिली ती कंत्राटदारांची. पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांच्या कामावर १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा उद्रेक झाला. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळत नाही, वेळेवर मिळत नाही, मधले पोटकंत्राटदार ती गिळतात, ही त्यामागची तक्रार होती. दंगलीत एक युरोपीय मारला गेला. फेव्हिएल यांनी काम सोडले. नंतर त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार पत्नीसह इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल मायदेशी परतल्या नाहीत. पतीने घेतलेले कंत्राट त्यांनी स्वतःकडे घेतले, अनुभवी अभियंत्यांच्या हाती कारभार सोपविला आणि काम तडीस नेले.

अ‍ॅलिसबाईंच्या धैर्याबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. परक्या मुलखात वैधव्य आले असता पतीचे अर्धे राहिलेले काम पुरे करणे ही निष्ठेचीच गोष्ट आहे, आणि त्यांचे दुःख काही खोटे नव्हते. परंतु त्याच महिन्यांत, त्याच घाटात, पटकीने किती बाया विधवा झाल्या असतील! नवरा गेल्यावर टोपली खाली ठेवून त्यांना रडताही आले नसेल, कारण टोपली खाली ठेवली की त्या दिवसाची मजुरी गेली. एका विधवेची कथा इतिहासात नोंदली गेली आणि हजारो विधवांची गेली नाही. दोघींच्या प्रेमात फरक होता असे कोण म्हणेल? फरक त्यांच्या पायाखालच्या जमिनीत होता. एकीजवळ करारपत्र होते. दुसरीजवळ मुकादमाच्या तोंडचा शब्द.

मँचेस्टरची एक कादंबरी

हा लोहमार्ग इतक्या घाईने का हवा होता? त्याला पुष्कळ कारणे होती, पण एक मोठे कारण कापूस हे होते. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात लवकर आणि स्वस्तात यावा, तेथून तो लँकेशायरच्या गिरण्यांना मिळावा, असा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा आग्रह होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा तर मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. ऐन त्या धामधुमीत, १८६३ मध्ये, आपला घाट खुला झाला. तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीतला कामगार आणि ठाकूरवाडीच्या कड्यावरचा मजूर हे एकमेकांना न ओळखणारे, पण एकाच धाग्याच्या दोन टोकांना बांधलेले भाऊ होते.

त्या धाग्याच्या पलीकडच्या टोकाची कथा एलिझाबेथ गॅस्केल या बाईंनी लिहिली. त्या मँचेस्टरमधल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांचे जाणे-येणे होते. ‘नॉर्थ अँड साउथ’ ही त्यांची कादंबरी १८५४-५५ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. आपल्या घाटात पहिला सुरुंग उडण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. दक्षिणेकडच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी मार्गारेट ही वडिलांबरोबर उत्तरेतल्या गिरणीगावात येते. तेथे जॉन थॉर्नटन हा स्वकष्टाने वर आलेला करारी गिरणीमालक आणि निकोलस हिगिन्स हा स्वाभिमानी कामगार या दोघांशीही तिचा परिचय होतो. संप होतो, दंगल होते, जमावाने भिरकावलेला दगड मार्गारेटला लागतो. अनेक वळणांनंतर थॉर्नटन आणि मार्गारेट यांचे मीलन होते. सुशिक्षित, कुलीन पण गरीब घरातली मुलगी आणि व्यापारी वर्गातला पुरुष. त्या समाजात ही रेषा लहान नव्हती.

वाचकांना हे मीलन आवडते, आम्हांलाही आवडते. पण त्या कादंबरीतला खरा रेषा ओलांडण्याचा प्रसंग आम्हांस दुसराच वाटतो. संपात होरपळलेला बाउचर नावाचा एक दुबळा कामगार जीव देतो. हिगिन्स आणि तो यांचे कधी फारसे पटले नव्हते. तरीही बाउचरच्या मागे राहिलेली पोरे पोसण्यासाठी हिगिन्स आपला स्वाभिमान गिळून ज्या मालकाविरुद्ध संप केला त्याच्याच दारात काम मागायला उभा राहतो. थॉर्नटन आधी त्याला झिडकारतो. पुढे खरे काय ते कळल्यावर तो स्वतः हिगिन्सच्या घरी जातो आणि त्याला काम देतो. त्यांच्या ओळखीतून गिरणीत कामगारांसाठी एक भोजनगृह निघते. ते धर्मादाय अन्नछत्र नसते. मालक घाऊक भावाने जिन्नस आणण्याची व्यवस्था पाहतो, कामगार आपल्या जेवणाचे पैसे देतात आणि कधी मालकालाच आपल्याबरोबर जेवायला बोलावतात. मालक तेथे पाहुणा असतो. गरीब माणूस यजमान होऊ शकतो, ही गोष्ट त्या लग्नापेक्षा थोडी नव्हे.

मार्गारेटला थॉर्नटन मिळाला म्हणून एकाही कामगाराच्या घरात चूल पेटली नाही. परंतु थॉर्नटनने हिगिन्सचे ऐकून घेतले तेव्हा गिरणीत काहीतरी बदलले. प्रेम पहिल्या ठिकाणीही होते आणि दुसऱ्या ठिकाणीही. दुसऱ्या ठिकाणच्या प्रेमाने समोरच्याचा हक्क ओळखला, म्हणून ते दोन माणसांपुरते उरले नाही.

रूथ शेतात कशी आली?

आपल्याला परिचित असलेली याहून कितीतरी जुनी कथा पवित्र शास्त्रात आहे. तिच्यात दारिद्र्य आहे, तगून राहण्याची धडपड आहे आणि वर्ग, वंश, देश अशा सगळ्या रेषा ओलांडणारे प्रेमही आहे. मवाब देशची रूथ ही विधवा आपल्या विधवा सासूला, नामीला, सोडून जायला तयार होत नाही आणि तिच्याबरोबर बेथलेहेमला येते. जवाच्या कापणीचे दिवस असतात. पोट भरण्यासाठी रूथ शेतात सरवा वेचायला जाते. ते शेत बवाज या सधन गृहस्थाचे असते. तो तिची विचारपूस करतो आणि पुढे त्या दोघांचा विवाह होतो. त्यांचा मुलगा ओबेद हा दावीद राजाचा आजोबा, आणि प्रभू येशूच्या वंशावळीत संत मत्तयाने या परदेशी, गरीब विधवेचे नाव आवर्जून घातले आहे.

ही कथा आपण सासू-सुनेच्या प्रेमाची म्हणून सांगतो, क्वचित रूथ आणि बवाज यांच्या अनुरागाची म्हणून सांगतो. त्या कथेच्या पायाशी असलेल्या एका शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे सरवा. कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेली कणसे, लोंब्या म्हणजे सरवा. आपल्या वाडवडिलांच्या भातशेतीत हा शब्द नित्याचा होता. मोशेच्या नियमशास्त्राने शेतमालकाला बजावले होते की, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेला सरवा उचलू नये, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये. ते गरिबाचे, परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे.

रूथ बवाजाच्या शेतात आली ती या नियमाच्या आधाराने. तिने बवाजाला पाहिलेही नव्हते तेव्हा त्याच्या शेतातल्या सरव्यावर तिचा हक्क होता. तो तिला देखणी वाटली असती किंवा नसती, त्याचे मन द्रवले असते किंवा नसते, तरी त्या संध्याकाळी नामीच्या घरी जव गेलेच असते. म्हणूनच बवाज जेव्हा तिच्याशी ममतेने बोलला तेव्हा रूथला त्याच्याशी मान वर करून बोलता आले. तिचे पोट त्याच्या मर्जीवर टांगलेले नव्हते. ज्याच्या मर्जीवर आपले अन्न अवलंबून आहे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला मनापासून ‘हो’ तरी कसे म्हणता येईल?

येथे कुणी म्हणेल, की मग नियमच पुरेसा होता, बवाजाच्या प्रेमाची गरज काय? गरज होती. बवाज नियमापुढे चार पावले गेला. त्याने तिला जेवायच्या वेळी आपल्या माणसांत बसवून घेतले. तिला कुणी त्रास देऊ नये अशी गड्यांना ताकीद दिली. पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळून ठेवायला सांगितले, म्हणजे तिला वेचताना कमीपणा वाटू नये. पुढे लग्नाचा प्रश्न आला तेव्हाही त्याने अंधारात काही केले नाही. गावच्या वेशीत वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवून, अधिक जवळच्या नातलगाचा हक्क आधी विचारात घेऊन, मग त्याने तिचा स्वीकार केला. म्हणजे सरव्यापासून सोयरिकीपर्यंतची वाट हक्काच्या एकेका पायरीवरून गेली. नियमाने जेथे सोडले तेथून प्रेमाने उचलले. नियम डावलून प्रेमाला आडवाट काढावी लागली नाही.

त्याच नियमशास्त्रात आणखी एक आज्ञा आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. १८५९ साली भोर घाटात ही एक आज्ञा पाळली गेली असती तर तो रक्तपात कदाचित टळला असता. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि कालवे यांसारख्या सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे लवकर निकालात निघावेत म्हणून सरकारला कायदा करावा लागला. आणि त्याच कायद्याने करार मोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद केली. मजुराला हक्क देताना त्याच्या पायात बेडी अडकवून ठेवायलाही सरकार विसरले नाही!

उचल, पेढी आणि पायवाट

हे सारे जुने झाले, असे म्हणून पान उलटता आले असते तर बरे होते. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर आजही कातकरी आणि ठाकूर या आदिवासींच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून काथ करणारे ते कातकरी. इंग्रजी राजवटीत जंगले सरकारी झाली, काथाचा धंदा बुडाला, आणि जंगलाचा हा लेकरू मजूर झाला. कोळशाच्या भट्ट्या आणि पुढे वीटभट्ट्या हाच अनेकांचा आधार उरला. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. मुकादम येतो आणि ‘उचल’ देतो. दिवाळीनंतर सगळे कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत उचल फेडीत राहते. हिशेबाची वही मालकाची, अंगठा कातकऱ्याचा. मुलांची शाळा मधल्या महिन्यांत सुटते ती सुटतेच. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. तरीही उचलीचा फास अनेक वाड्यांवरून पुरता सुटलेला नाही. अनेक कातकरी वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसल्या आहेत ती जमीन कागदोपत्री दुसऱ्याची असते. शहरातल्या सधनांची शेतघरे उभी राहू लागली, जमिनीला भाव आला, तसे ज्या झोपडीखालच्या मातीवर आपला हक्क नाही तिच्यात निजणे अधिकच धास्तीचे झाले.

याच मातीतल्या एका माणसाला प्रेमाचे खरे काम कळले होते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले. वकिलीच्या वाटेने जाऊन त्यांना एकट्याला रेषेपलीकडे सुखाने नांदता आले असते. त्यांनी कर्जत-नेरळ भागातल्या शेतकऱ्याची नड पाहिली. पावसाळ्यात पोटासाठी सावकाराकडून धान्य घ्यायचे आणि सुगीला त्याचे दीडपट-दुप्पट फेडायचे, हे चक्र थांबावे म्हणून त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. मुलांसाठी शाळा काढल्या. पुढे १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. हिराजी पाटील हा तरुण सहकारीही त्यांच्याबरोबर धारातीर्थी पडला. भाईंचे बलिदान सर्वांना स्मरते. पण त्यांची धान्यपेढी ही बलिदानाइतकीच मोठी गोष्ट होती असे आम्हांस वाटते. त्यांना उपाशी शेतकऱ्याच्या ओंजळीत मूठभर तांदूळ घालता आले असते. त्यासाठी कुणी त्यांना नावे ठेवली नसती. त्याऐवजी शेतकऱ्याला हक्काने मागता येईल आणि मानाने परत करता येईल अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. सरव्याच्या नियमामागे जी दृष्टी होती तीच ही.

या दृष्टीच्या अभावी काय होते तेही याच परिसराने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकूर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जण मातीखालीच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. मदतीला महाराष्ट्र धावून आला. डोक्यावर अन्नाची पाकिटे, घोंगड्या, औषधे घेऊन माणसे भर पावसात डोंगर चढली. त्यांच्या करुणेला आमचा प्रणाम आहे. परंतु ती सारी माणसे पायवाटेने चढली, कारण वाडीला रस्ता नव्हता. माती उपसण्याचे यंत्र वर नेता आले नाही ते त्याच कारणाने. करुणा एका रात्रीत पोचली. रस्ता इतक्या वर्षांत पोचला नव्हता. रस्ता हा वाडीचा हक्क होता आणि करुणा ही आपली भावना. आपल्या भावनेला जाग येण्यासाठी वाडीला मातीखाली जावे लागावे, ही गोष्ट कोणत्याही संवेदनशील मनाला बोचल्याशिवाय राहणार नाही.

आपल्या उंबऱ्यावर

आता थोडे जवळ पाहू. कादंबरी वाचताना आपण सगळेच गरीब नायिकेच्या बाजूचे असतो. वाड्यातली गर्विष्ठ सासू आपल्याला खलनायिका वाटते. पण आपल्या मुलाने किंवा मुलीने उद्या एखाद्या साध्या घरातले, दुसऱ्या जातीतून आलेले, चाळीत किंवा वाडीत वाढलेले माणूस पसंत केले, की आपल्या तोंडून त्याच सासूचे संवाद बाहेर पडू लागतात. ‘माणसे चांगली आहेत, पण आपल्यात बसायची नाहीत.’ ‘एका बाकावर प्रार्थना करणे वेगळे आणि एका पंगतीला बसणे वेगळे.’ एकाच वेदीभोवती जमणाऱ्या कुटुंबांत सोयरिकीच्या वेळी जुन्या भिंती अशा उभ्या राहतात, हे कुणाला ठाऊक नाही?

याच्या उलट बाजूचा धोका अधिक गोड आणि म्हणून अधिक कठीण आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईबद्दल आपण अभिमानाने म्हणतो, ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ तिला नाताळला साडी देतो, तिच्या मुलाला जुनी पुस्तके देतो, ती आजारी पडली तर औषध देतो. हे सारे चांगले आहे. ते करू नये असे कोण म्हणेल? पण तिला आठवड्याची हक्काची सुट्टी आहे का? तिचा पगार ठरल्या तारखेला तिच्या हातात पडतो का, की तिला दोनदा आठवण करून द्यावी लागते? घरच्यासारख्या माणसाला हिशेब मागण्याचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचाचा फायदा नकळत आपल्यालाच होतो. प्रेमाचे शब्द हक्काच्या जागी बसविले की त्यांचा उपकार होतो. उपकाराखाली वाकलेल्या मानेला आपण कृतज्ञता समजतो.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. प्रेमाने न्यायाचे काम होत नाही, आणि प्रेमावर ते सोपवूही नये. मजुरी, वाडीखालची जमीन, वाडीचा रस्ता, मुलांची शाळा या गोष्टी कुणाच्या मनाच्या कोमलतेवर अवलंबून ठेवता येणार नाहीत. कारण कोमलता थकते, रुसते आणि आपल्याला आवडणारी माणसे निवडते. त्या गोष्टी सरव्यासारख्या आधीच ठरलेल्या असाव्यात, ज्याची कणसे तो उचलो, मालकाचे मन असो वा नसो. म्हणून प्रेमाचे काम लहान होत नाही. हक्क कागदावर असतो. तो ज्याचा आहे त्या माणसाकडे डोळे उघडून पाहायला प्रेमच शिकवते. १९७६ चा कायदा आहे, पण भट्टीवरच्या हिशेबाच्या वहीत डोकावण्याइतकी आस्था कुणाला तरी असावी लागते. भाई कोतवालांना धान्यपेढी सुचली ती शेतकऱ्यावर जीव होता म्हणून.

असे प्रेम आणि असा हक्क जेथे एकत्र नांदतात तेथेच वर्गाची रेषा ओलांडणारी सोयरीक सुखाची होते. कारण मग कुणी कुणाला ‘वर काढलेले’ नसते. दोघेही एकाच सपाटीवर उभे राहून एकमेकांना निवडतात. रूथ बवाजाच्या घरी सून म्हणून गेली तेव्हा तिच्या ओच्यात तिने स्वतः वेचलेले जव होते, आणि ते कुणाचे दान नव्हते.

पुढे कधी पुण्याच्या गाडीने घाट चढताना मुले बोगदे मोजू लागली, तर त्यांना एवढे जरूर सांगावे की हे बोगदे खोदणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि घरी परतल्यावर महिनाअखेरीस कुणाची मजुरी आपल्याकडे राहिली आहे का, ते दिवस मावळण्यापूर्वी पाहावे.